मठारलेली डावी बाजू

पागनीसकाका पहिल्यांदा आमच्याकडे आले ते थेट घागरींवर. तांबट आळीत तेव्हा ज्याच्या त्याच्या दारात माल मांडलेला असायचा. मी उंबऱ्यापाशी बसून घागरींना चिंच लावत होते. चादरीत गुंडाळलेलं मोठं ओझं छातीशी धरून हा उंच माणूस सरळ चालत आला आणि घागरींच्या रांगेत घुसला. दोन-तीन घागरी गडगडत समोरच्या दुकानापर्यंत गेल्या.

"डोळे काय घरी ठेवून आलात?" मी म्हणाले. माझं तोंड तेव्हाही असंच होतं.

ते रागावले नाहीत. ओझं सावरत म्हणाले, "ठेवायची वेळ आलीच आहे, बाई. म्हणून तर घाई करतोय. दामोदर निजामपूरकर इथंच राहतात ना?"

दामोदर निजामपूरकर म्हणजे माझे वडील. मी त्यांना अण्णा म्हणायचे आणि सगळी आळीही अण्णाच म्हणायची. ते आत बंब मठारत बसले होते. तांब्याचं भांडं घडवून झालं की त्यावर हातोडीचे बारीक, एकसारखे ठसे ओळीनं उठवायचे, त्याला मठारणं म्हणतात. त्यानं पत्रा कणखर होतो आणि भांड्याला चकाकी चढते. मठार न घालता भांडं कुणी विकायला काढलं तर आळीतली माणसं म्हणायची, पोरीला उघड्या अंगानं सासरी धाडलंत की हो. अण्णांच्या मठाराला पुण्यात तोड नव्हती, असं मी लेक म्हणून सांगत नाही, आळी सांगायची. पण त्या ठोक्यांनी त्यांचे कान खाल्ले होते. आमच्याकडे वय झालेल्या कुठल्याच तांबटाला धड ऐकू येत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलायचं काम माझ्याकडे होतं. लोकांना वाटायचं, दामूअण्णांची हिरा भांडखोर आहे, सदा ओरडत असते. अगदीच खोटं नव्हतं ते.

मी पागनीसकाकांना आत नेलं. त्यांनी चादर सोडली. आत सागवानी लाकडाचे दोन मोठे तुकडे होते, घासून घासून गुळगुळीत केलेले. हे एका गाडीच्या डाव्या बाजूचे साचे आहेत, एक दाराचा आणि एक मागच्या चाकावरच्या खांद्याचा, असं ते म्हणाले. यावरून ॲल्युमिनियमच्या पत्र्यात हुबेहूब तेच आकार हवे होते.

मग त्यांनी आपली हकिकत सांगितली आणि मी ती तुकड्यातुकड्यानं अण्णांच्या कानात ओरडत गेले. चिंचवडच्या एका कारखान्यात त्यांचा जन्म ट्रकच्या केबिनचे नकाशे काढण्यात गेला होता. आखीव चौकोनी खोकी, बस्स. निवृत्त झाल्यावर प्रभात रोडच्या घरामागं गॅरेजमध्ये त्यांनी स्वतःची एक गाडी उभी करायला घेतली. दोन माणसांची, उघडी, बुटकी स्पोर्ट्स कार. सांगाडा आणि इंजिन एका जुन्या मोटारीचं, पण वरचं सगळं अंग त्यांनी स्वतः कागदावर काढलेलं. पुढचा भाग, उजवी बाजू आणि शेपटी नाना पेठेतल्या एका पत्रेवाल्यानं घडवून दिली आणि तो दुबईला गेला. डावी बाजू उघडीच राहिली. एवढ्यात डोळ्यांत काचबिंदू निघाला. आता त्यांना नळीतून बघितल्यासारखं दिसत होतं, आणि नळी रोज अरुंद होत होती. दिवाळीपर्यंत दिसेल, पुढचं मी बोलत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"पुढच्या दिव्यापासून एक रेषा निघते," ते म्हणाले. "दारावरून जाते, खांद्यावर चढते आणि शेपटीवर उतरते. दोन्ही बाजूंच्या रेषा तिथं एकमेकींना भेटतात. मला ती भेट एकदा बघायची आहे. एक रेषा आली आहे, दुसरी वाटेत अडकली आहे."

अण्णांचा चेहरा कोराच राहिला. घागरीत पाणी राहतं, परातीत पीठ मळलं जातं, बंबात पाणी तापतं, हे त्यांचं जग. त्यांनी मला विचारलं, "ह्यात काय राहतं?"

मी तेच काकांना विचारलं. ते म्हणाले, "उजेड."

हे मी अण्णांच्या कानात इतक्या मोठ्यानं सांगितलं की बाहेर आळीत ऐकू गेलं. त्या दिवसापासून आळीनं त्यांचं नाव उजेडकाका ठेवलं. ते आले की कोपऱ्यावरची मंडळी म्हणायची, आले बघा, आता पाडणार उजेड.

अण्णा मात्र हसले नाहीत. साचा मांडीवर घेऊन ते त्यावरून तळवा फिरवत होते, परत परत, एकाच जागी. "हे वळतं कुठं?" ते मला म्हणाले. "हाताला सापडत नाही." भांडं वळतं ती जागा अण्णांना डोळे मिटून सापडायची. इथं सापडेना, आणि तेवढ्यासाठी त्यांनी ते काम घेतलं.

पहिला पत्रा त्यांनी वाया घालवला. तांबं लाल होईपर्यंत तापवून मऊ करायची त्यांना सवय. ॲल्युमिनियम लाल होतच नाही, ते जसंच्या तसं दिसतं आणि एकदम ओघळतं. पत्र्याला भोक पडलं तसे अण्णा भट्टीपाशी खुळ्यासारखे बघत राहिले. काका दुसऱ्या दिवशी साबणाची वडी घेऊन आले. पत्र्याला साबण फासायचा, खालून जाळ द्यायचा, साबण काळा पडला की जाळ काढायचा. अण्णांनी करून बघितलं आणि मान डोलावली. आपण होऊन ते कुणाचं कौतुक कधी करत नसत, पण त्या संध्याकाळी मला म्हणाले, माणूस शिकलेला आहे.

मग काम लागलं. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवायचा, लाकडी मोगरीनं खोलगट करत जायचं, साच्यावर बसवून बघायचं, परत काढायचं. काका दर दोन-चार दिवसांनी यायचे. सुरुवातीला मी मधे बसून इकडचं तिकडे ओरडायचे. पुढं त्या दोघांना माझी गरजच उरली नाही. अण्णा पागनीसकाकांचा हात धरून पत्र्यावर ठेवायचे. काकांनी एकदा दाबलं की अजून आत घ्यायचं, दोनदा दाबलं की पुरे. एकाला ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याला धड दिसत नव्हतं, आणि दोघं तासन् तास असे गप्पा मारायचे. मी चिंच लावत बघत बसायचे. मला मनातून थोडा हेवाच वाटायचा.

नवरात्र बसलं तेव्हा दोन्ही आकार साच्यावर असे बसले की मधे कागद सरकत नव्हता. काकांनी शेवटचा हात फिरवला, अण्णांच्या खांद्यावर थोपटलं आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो पाठवतो म्हणून सांगून गेले. गाडी आम्ही कुणी पाहिली नव्हती. आम्ही पाहिले होते ते लाकडी साचे.

आता पुढं काय चुकलं, हे आळीबाहेरच्या माणसाला लगेच कळेल. आम्हाला नाही कळलं. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, त्या दिवशी हातोडीला हात लावायचा नाही. त्याआधी काम पुरं व्हायला हवं होतं. अण्णा म्हणाले, "इतकं देखणं अंग झालंय, ते काय तसंच उघडं धाडायचं?" आणि त्यांनी मठाराची हातोडी काढली.

घागरीला मठार गोल फिरतो. इथं गोल काही नव्हतं. अण्णांनी पहिली ओळ धरायच्या आधी कितीतरी वेळ नुसता तळवा फिरवला, आणि मग दाराच्या पुढच्या कडेपासून खांद्याच्या टोकापर्यंत ओळीला ओळ लावत गेले. मी पत्रा धरून होते. एक ठसा कमी-जास्त नाही, एक ओळ वाकडी नाही. तसा मठार त्यांनी लग्नातल्या हंड्यांवरही कधी घातला नसेल. मी पुसून लख्ख केलं. आळीतली मोठी माणसं येऊन बघून गेली, आणि जी माणसं उजेडकाकांवर हसायची तीही आली. आम्हाला वाटलं, त्या बिचाऱ्या माणसाचे डोळे जायच्या आत त्याच्या हातात काहीतरी अपूर्व देतोय आपण.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं टेम्पोत बसून प्रभात रोडला गेलो. नलिनीताईंनी, म्हणजे पागनीसकाकांच्या बायकोनं, दार उघडलं. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, बोलणं मोजकं. गॅरेजमध्ये गाडी होती. जमिनीला धरून बसलेली, माझ्या कमरेइतकीही उंच नाही. रंग दिलेला नव्हता, नुसता घासलेला पत्रा. काकांना रंग नकोच होता. डावीकडं मात्र नुसत्या पट्ट्या आणि सळया दिसत होत्या. टेम्पोवाल्याच्या मदतीनं आम्ही आमचे भाग, धडप्यानं झाकलेलेच, त्या जागी टेकवले, काकांनी कडेकडेनं चाचपून स्क्रू लावले आणि अण्णांनी स्वतःच्या हातानं वरचं धडपं ओढलं. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. नातवाला पहिल्यांदा दाखवायला आणावं तसे दिसत होते.

काकांनी हात ठेवला. हात ठेवल्या जागी थांबला.

"हे काय केलंत तुम्ही?" नलिनीताई म्हणाल्या. काकांनी त्यांना खुणेनं गप्प केलं. त्यांनी अण्णांचा दंड धरला आणि त्यांना गाडीच्या उजव्या बाजूला नेलं. खिडकीवरचा पडदा ओढला, वरचा दिवा मालवला आणि पुढच्या चाकाशी उभी करून ठेवलेली एकच ट्यूबलाईट लावली.

उजव्या अंगावर एक रेषा उमटली. पुढच्या दिव्यापाशी जाड, दारावर बारीक होत गेलेली, खांद्यावर परत रुंदावलेली, आणि मग शेपटीकडे हळूहळू विझत गेलेली. पत्र्यावर रेष कुठंच काढलेली नव्हती. तो नुसता उजेड होता आणि तो उजेड कुठून कसा जाईल हे त्या माणसानं आधी कागदावर ठरवलं होतं. अण्णांनी मान डावीकडं केली, तशी रेषा सरकली. उजवीकडं केली, परत सरकली. ते पुढून मागं चालत गेले आणि रेषा त्यांच्याबरोबर चालली, कुठं अडखळली नाही, कुठं तुटली नाही. मला गाडीतलं काही कळत नव्हतं, तरी मीही त्यांच्यामागून चालत गेले. जन्मभर ट्रकची खोकी काढणाऱ्या माणसाच्या पोटात हे होतं.

मग अण्णा आपण होऊन डाव्या बाजूला आले. काकांनी ट्यूब तिकडं फिरवली. रेषा दिव्यापासून निघाली, दारापर्यंत आली आणि मठारावर फुटली. प्रत्येक ठशात एकेक कण चमकत होता. सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू. पण रेषा नव्हती.

अण्णा उकिडवे बसले. त्यांनी एका ठशावर अंगठा ठेवला. मग म्हणाले, "मोडली मी."

"माझं चुकलं," काका म्हणाले. "गाडी आधी दाखवायला हवी होती. तुमच्याकडं असं असतं हे मला कुठं ठाऊक?" ते अण्णांना ऐकू गेलं नाही. ओरडून सांगायचं काम माझं, पण त्या खोलीत मला आवाज काढवेना. मी अण्णांच्या पाठीवर हात ठेवला, तेवढंच.

नलिनीताईंनी विचारलं, वर लांबी भरून रंग दिला तर? काका नाही म्हणाले. मठारलेला पत्रा ठोकून परत सपाट होत नाही, तो ताणलेला असतो, हे अण्णांनी सांगितलं. नवा पत्रा घ्यायचा, पुन्हा पहिल्यापासून. जुने भाग ते मोडीत टाकायला घेऊन निघाले होते, पण काकांनी दिले नाहीत. राहू दे भिंतीशी, म्हणाले.

दिवाळी जवळ आली होती. अण्णांनी दुसरं कुठलंही काम हातात धरलं नाही. पहाटे बसायचे, जेवायला उठायचे, परत बसायचे. आकार आता त्यांच्या हातात होता, तो लवकर आला. त्रास झाला तो शेवटी. भांडं घडून झालं की हात मठाराच्या हातोडीकडं जाणार, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं की एकदा ती हातोडी खरंच त्यांच्या मुठीत आली आणि ते दचकले. मला म्हणाले, "हिरे, ही लपवून ठेव. मला सांगू नको कुठं ठेवलीस." मी ती डाळीच्या डब्यात पुरली. चार दिवस ते नुसतं घासत होते, पॉलिश करत होते, आणि मधेच मान इकडं तिकडं करून बघत होते. मला कळलं, ते रेषा शोधत होते.

त्या दिवसांत काका एकदाच आले, नलिनीताईंचा हात धरून. पुढच्या खेपेला त्या एकट्याच आल्या. उंबऱ्याशी उभ्या राहूनच बोलल्या. आता त्यांना खिडकी कुठं आहे एवढंच कळतं, म्हणाल्या. काल आकाशकंदील लावला तर विचारत होते, लावला का?

हे मला अण्णांना सांगावं लागलं. तेही ओरडून. सगळ्या आळीनं ऐकलं आणि त्या दिवशी कोपऱ्यावर कुणी काही बोललं नाही.

भाऊबीज झाल्यावर आम्ही नवे भाग घेऊन गेलो. सकाळची वेळ होती. गॅरेजचं दार पूर्वेला होतं, ऊन थेट आत आलेलं. मठारलेले भाग भिंतीशी तसेच होते, आम्ही नवे बसवले. अण्णांनी एकेक स्क्रू हळुवार आवळला. मी शेपटीपाशी जाऊन उभी राहिले आणि बघितलं. दोन्ही बाजूंनी दोन रेषा उतरत आल्या होत्या आणि शेपटीच्या मधोमध एकमेकींना मिळाल्या होत्या. काका म्हणाले होते तस्संच.

नलिनीताईंनी त्यांना आणून माझ्याशेजारी उभं केलं. ते समोर बघत होते, पण डोळे थोडे वरच्या बाजूला लागले होते.

"भेटतात का गं, हिरा?"

"भेटतात, काका."

"कशा?"

मी तोंड उघडलं. एवढं मोठं माझं तोंड, आळीच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाणारं, त्यात एक शब्द सापडेना. छान भेटतात, म्हणाले मी. मला स्वतःचीच लाज वाटली.

"बरं," ते म्हणाले. त्यांनी पुढं होऊन दारावर तळवा ठेवला आणि मागं सरकवत आणला. पत्रा इतका गुळगुळीत होता की हात नुसता घसरत होता. खांद्यावर यायच्या आधीच तो खाली उतरला, चाकाच्या कडेला लागला, परत वर आला, परत हरवला. पुन्हा पहिल्यापासून फिरवला, पुन्हा तेच. "गार लागतंय," ते म्हणाले आणि हसले. ते हसणं बघवत नव्हतं. नलिनीताई बाहेर अंगणात निघून गेल्या.

अण्णांना आमचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. पण माणसाचा हात काय बोलतो ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार? ते उठले, भिंतीशी ठेवलेला मठारलेला खांदा उचलून आणला, जमिनीवर आडवा धरला आणि काकांचा हात ओढून त्यावर ठेवला.

काकांची बोटं ठशांवर टेकली. एका ठशावरून दुसऱ्यावर गेली. मग ओळ धरून निघाली आणि थेट टोकापर्यंत गेली, न थांबता, न चुकता. त्यांनी हात उचलला आणि पुन्हा पहिल्यापासून नेला. या वेळी जास्त सावकाश.

"ही माझी रेषा आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "हिरा, विचार त्यांना, ही त्यांना कशी काढता आली? त्यांनी तर गाडी पाहिलीसुद्धा नव्हती."

मी विचारलं. अण्णा म्हणाले, "मी कुठं काढली? होती तिच्यावरनं चाललो."

काकांनी हात त्या पत्र्यावर तसाच ठेवला. मग म्हणाले, "हीच बसवा."

आधी मला वाटलं, दुःखानं बोलताहेत. नलिनीताई आत आल्या आणि म्हणाल्या, अहो, एक बाजू अशी आणि एक तशी, लोक हसतील. मी ओरडून सांगितल्यावर अण्णांनी तर नाही म्हणून मानच हलवली. ज्या रेषेसाठी इतकं केलं ती आता स्वतःच्या हातानं काढून टाकायची? काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"लोकांसाठी उजवी बाजू आहे की," ते म्हणाले.

मग अण्णांनी नवे भाग काढले आणि जुने परत बसवले. काका पुढच्या कडेपासून बोट फिरवत मागं आले, दार, खांदा, आणि खांदा संपला तिथं बोट थबकलं. पुढं शेपटी होती, तो दुबईला गेलेल्या माणसाचा गुळगुळीत पत्रा. रेषा तिथं हाताला संपत होती, भेटीच्या जरा अलीकडं.

अण्णांनी ते पाहिलं. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "त्यांना विचार, थोडं पुढं नेऊ का?"

हातोडी डाळीच्या डब्यात होती. मी रिक्षानं आळीत गेले आणि घेऊन आले. ठोकायचं तर पत्र्याला आतून लोखंडाचा आधार धरावा लागतो. शेपटीच्या पोटात शिरण्याएवढी बारीक मीच होते. मी सामानाच्या झाकणातून आत सरपटले आणि अंधारात पाठीवर पडून लोखंड पत्र्याला लावून धरलं. वर अण्णांनी ठोका घातला. माझ्या दातांपर्यंत हादरा आला. एक ठसा, मग थोडा वेळ शांतता, मग दुसरा. लहानपणापासून अण्णांचे ठोके ऐकत आले, इतके संथ मी कधी ऐकले नव्हते. मधल्या शांततेत पत्र्यावर काहीतरी हळूच घासल्याचा आवाज येत होता. मला आतून कळेना काय ते. मग लक्षात आलं, ते काकांचं बोट होतं. कागदावर काढलेली रेषा त्यांना आठवत होती. ते बोट पुढं सरकवत होते आणि अण्णा बोटाच्या मागून ठोकत येत होते. मी लोखंड सरकवत गेले. माझे हात भरून आले, डोळ्यांतून पाणी कानात जात होतं, पण हलले नाही.

एका जागी बोट थांबलं. हातोडीही थांबली.

"बास," काकांचा आवाज आला. "इथं."

मी बाहेर आले तेव्हा त्यांचं बोट शेवटच्या ठशावर होतं, बरोबर शेपटीच्या मध्यावर, जिथं उजव्या बाजूचा उजेड येऊन थांबला होता. ते मला दिसत होतं. त्यांना दिसत नव्हतं, पण त्यांचा चेहरा वेगळाच झाला होता. अण्णा हातोडी खाली ठेवून त्यांच्याकडं बघत होते. नलिनीताईंनी मला पदरानं तोंड पुसून दिलं, मी म्हणे काळीकुट्ट झाले होते.

नवे गुळगुळीत भाग काकांनी अण्णांना दिले. अण्णांनी ते दुकानात भट्टीच्या वर, भिंतीला टांगले. आळीतल्या माणसांनी किती टोचलं, मठार राहिला की हो अण्णा, उघडंच आहे. त्यांनी कुणाला उत्तर दिलं नाही, आणि एरवी ऐकू येत नाही म्हणून उत्तर देत नसत तसं ते नव्हतं. काम संपलं की ते समोरच्या कट्ट्यावर बसायचे आणि दिवा लागला की मान जराशी डावीकडं करायचे, मग जराशी उजवीकडं. शेवटच्या आजारपणात त्यांनी ते काढून खाटेसमोर लावायला लावले होते.

गाडी मी चालवायचे. शिकवलं काकांनीच, नुसतं इंजिनाच्या आवाजावरून. आता क्लच दाब, आता सोड, रागावू नको तिच्यावर, असं शेजारी बसून सांगायचे. रविवारी सकाळी रस्ते रिकामे असताना आम्ही निघायचो. ते डाव्या सीटवर, डावा हात दारावरून बाहेर टाकलेला, बोटं मठारावर. सिग्नलला थांबलं की उजवीकडची माणसं गाडीकडं बघत राहायची, डावीकडची विचारायची, गारा पडल्या का हो? मी तोंड उघडायच्या आत काका म्हणायचे, राहू दे, हिरा. हिरवा झाला असेल, चल.

मी गाडी पुढं काढायचे. ऊन समोरून यायचं, माझ्या बाजूला उजेड पळत जायचा आणि त्यांच्या बाजूला त्यांची बोटं, दार, खांदा, आणि मागं हात पोचेल तिथपर्यंत.